दारूबंदीतली थंड हवा

नाशिकच्या माणसाने थंड हवा खायला गावाबाहेर जायचं म्हणजे खुळेपणाच होता. नव्वदनंतरची तीन-चार वर्षं असतील, तेव्हाचं सांगतोय. मुंबईची माणसं तेव्हा हवापालटाला आमच्याकडे यायची. देवळालीला खोल्या घेऊन राहायची आणि संध्याकाळी शाली पांघरून, दमेकऱ्यासारखी छाती भरून श्वास घेत रस्त्याने फिरायची. आम्ही त्यांना हसायचो. आणि मे महिना लागला की आम्हीच टोप्या, गॉगल, थर्मास आणि पत्त्यांचा कॅट घेऊन सापुताऱ्याला निघायचो.

थंड हवेच्या ठिकाणी माणसं काय करतात ते मी पुष्कळ वर्षं जवळून पाहिलंय. सकाळी गरम पाण्यावरून मॅनेजरशी भांडतात. मग सगळी मिळून एका कड्यापाशी जातात. त्याला पॉइंट म्हणायचं. तिथे दरीकडे पाठ करून फोटो काढतात, भुट्टा खातात, त्याचं बुरकुंड त्याच दरीत फेकतात आणि दुसऱ्या पॉइंटकडे निघतात. दुपारी खोलीत पंखा लावून झोपतात. हो, पंखा. सापुताऱ्याला मे महिन्यात दुपारी पंखा लागतो. पण घरी परत आल्यावर शेजाऱ्यांना सांगायचं असतं, ‘काय सांगू, दोन-दोन ब्लँकेटं घेतली.’ तिथे एका पठारावर तर उंट होता. डोंगराच्या माथ्यावर उंट! त्याच्यावर बसायला साहेबांची बायको रांगेत उभी राहिली होती आणि तिची पर्स धरून मी.

हे साहेब म्हणजे सातपूरच्या कारखान्यातले माझे वरिष्ठ. मी स्टोअरमध्ये होतो. दरवर्षी साहेब, त्यांचं कुटुंब आणि आम्ही तीन-चार हाताखालची माणसं बायकापोरांसकट एका मेटाडोरमधून सहलीला जायचो. आम्हाला कुणी बळजबरी केलेली नव्हती. पण न येणाऱ्याला पुढे वर्षभर रात्रपाळी लागते, हे सगळ्यांना कळलेलं होतं. मेटाडोर ठरवणं, हॉटेल ठरवणं, साहेबांच्या सासूबाईंसाठी खालच्या मजल्यावरची खोली मागून घेणं, ही कामं माझ्याकडे. ती मी आनंदाने करायचो. खोटं कशाला बोलू.

आणि सापुताराच का? तर वणीवरून बोरगावचा घाट चढलं की पलीकडे गुजरातची हद्द लागते आणि गुजरातमध्ये दारूबंदी. बंदी असलेल्या गावात लपवून दारू न्यायची आणि तिथे बसून प्यायची, यात आमच्या लोकांना जो पराक्रम वाटायचा तो विचारू नका. हीच माणसं नाशकात घरी बसून पीत होती, कुणी अडवत नव्हतं. पण तिथे प्यालेल्या एका पेल्याची गोष्ट पुढे सहा महिने कँटीनमध्ये चालायची. कुणी बाळाच्या दुधाच्या बाटलीच्या पिशवीतून नेली, कुणी स्टेपनीखालून. नाका ओलांडला की हे टाळ्या वाजवणार. शिवाजीराजे आग्र्याहून सुटले तेव्हाही एवढा आनंद झाला नसेल.

आता दादा-वहिनींचं सांगतो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मखमलाबादच्या बाजूला आमचा मळा. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे तोडायचा आणि उजाडायच्या आत गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, फुलबाजारात न्यायचा. माझं शिक्षण त्या फुलांवर झालं आणि नोकरी लागल्याबरोबर मी शहरात खोली घेतली. कंपनीत मी ‘आमची थोडी शेती आहे’ एवढंच म्हणायचो. दादा पीत होता. लगीनसराईत तो मंडप सजवायची कामं घ्यायचा, आणि मंडपवाला, बँडवाला, नवरदेवाचा मामा, जो तो त्याला पाजायचा. मे महिना संपेपर्यंत तो माणसात नसायचा.

त्या वर्षी पाडव्याला त्याने वहिनीच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून दारू सोडली आणि खरंच सोडली. वहिनी मात्र लगीनसराई जवळ येईल तशी धास्तावत गेली. वहिनी तोंडाने फटकळ, कुणाचं ऐकून न घेणारी. मी शाळेत असताना ती लग्न होऊन घरात आली, तेव्हापासून माझ्यावरही तिचा हुकूम चालायचा. एक दिवस माझ्या खोलीवर आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, “भाऊजी, तुम्ही जाता त्या सापुताऱ्यात म्हणं दारू मिळत नाय. खरं हाय का?”

“खरं आहे. नाक्यावर तपासतात.”

“मंग औंदा आम्हाला घेऊन चला.”

मी म्हटलं, “वहिनी, लगीनसराईत? झेंडूचं काय?”

“झेंडू लावलाच नाय मी. माणूस हाताला लागला तर फुलं पुढच्या साली लावता येतील. मोसमात ह्यांना गंगेवर जाऊच द्यायचं नाय. माझी मावशी राहती पेठला, तिथं नेऊन ठेवलं असतं, पण तिचा दीरच भट्टी लावतो.” मग माझ्या बायकोकडे वळून म्हणाली, “आणि तुमचं ते थंड हवेचं गाव आम्ही मेल्यावर बघायचं का?”

भर लग्नाच्या दिवसांत मळा मोकळा ठेवल्यामुळे भावकीत तिला हसत होते. ‘नवऱ्याला हवा खायला नेती’ म्हणत होते. तिने ते मनावर घेतलं नाही. तिला तीन-चार दिवस हवे होते. एवढे दिवस नवरा दारू नसलेल्या गावात राहिला, खाल्लं-प्यालं, फिरला, हसला, तर पुढचं आपण बघू, असा तिचा हिशेब होता.

साहेबांना मी भीत भीत विचारलं. ते म्हणाले, “येऊ द्या की. वहिनींच्या हातची बाजरीची भाकरी खाऊ.” आणि मग आवाज खाली करून म्हणाले, “पण आपलं सामान न्यायचं कसं? या वेळी नाक्यावर कडक आहे म्हणतात.”

पुढचं नीट लिहायला पाहिजे. पिठाचा डबा ही कल्पना साहेबांची नव्हती. ती माझी. मीच म्हणालो, “वहिनी पिठाचा डबा घेणार आहे, साहेब. माळकरी बाई. तिच्या पिठात कोण हात घालणार?” साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला ती आवडली.

आदल्या संध्याकाळी दादा-वहिनी माझ्याकडे मुक्कामाला आले. पहाटे वहिनी आंघोळीला गेली तेव्हा मी डब्यातलं पीठ परातीत काढलं, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेल्या बाटल्या तळाशी उभ्या केल्या आणि वरून पीठ लोटलं. बायको दारात येऊन उभी राहिली. “त्यांचा नवरा सोडतोय आणि तुम्ही...” एवढंच म्हणाली आणि आत गेली. दादा डबा उचलायला आला, तर मी म्हटलं, “राहू दे, जड आहे, मी ठेवतो.” तो माझ्याकडे बघून हसला. थोरल्या भावाचं ओझं उचलायची मला सवय नव्हती.

नाक्यावर मेटाडोर थांबली. शिपायाने पिशव्या चाचपल्या, थर्मास उघडून वास घेतला. वहिनी डबा मांडीवर घेऊन बसली होती. त्याने विचारलं, “इसमें क्या है, माँजी?”

“पीठ हाय, बाजरीचं. बघ की.” आणि तिने स्वतःच्या हाताने झाकण उघडलं. “भाकरी खायची असंल तर दुपारी ये वर. आमी हायेत तीन दिस.”

तो हसला आणि त्याने गाडी सोडली. गाडीत मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी मला डोळा मारला. वहिनीला वाटलं, आपल्या बोलण्यालाच हसताहेत. तीही हसली.

त्या संध्याकाळी दादा आणि वहिनी तळ्यात होडीत बसले. पायाने मारायची होडी. वहिनीने लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं होतं आणि ती दादावर ओरडत होती, “अहो सरळ घ्या, तिकडं कुठं, पुन्हा काठालाच लावली!” दादा एवढा मोठ्याने हसत होता की भुट्टेवाली वळून बघत होती. मी ते काठावरून पाहिलं आणि मग खोलीवर जाऊन पिठात हात घातला. बाटल्या काढल्या. एक तशीच राहू दिली. साहेब म्हणाले होते, “एक उद्याला असू दे. तिथेच सुरक्षित आहे.”

त्या रात्री सगळे बरोबर आणलेल्या दशम्या खाऊन झोपले. साहेबांच्या खोलीत काय चाललं होतं ते दादाला कळलं असेल का? वास तर आला असेल. तो सकाळी लवकर उठून वहिनीबरोबर चालत सूर्योदय बघायला गेला आणि परत येऊन साहेबांच्या सासूबाईंना सांगत बसला, “आमच्या मळ्यातबी सूर्य असाच उगवतो, पण तवा वर बघायला कुणाला टाईम हाय?”

दुसऱ्या दिवशी आम्ही पॉइंट बघायला निघालो. वहिनी म्हणाली, “तुम्ही फिरून या. येईस्तोवर भाकरी करून ठेवते.” हॉटेलच्या मागे मोकळ्या जागेत तिने दगड मांडून चूल पेटवली होती. दादाने लाकडं गोळा केली. आम्ही गेलो. उंट, दरी, टोपी, फोटो. साहेबांची बायको करवंदं विकणाऱ्या म्हाताऱ्या कोकणा आदिवासी बाईशी घासाघीस करत बसली आणि शेवटी ‘चिकानं हात खराब होतात’ म्हणून न घेताच उठली. मला त्या तासात एकदाही आठवलं नाही की भाकरी करायला पीठ लागतं.

परत आलो तर चूल ढणढणत होती, तवा तापून लाल झाला होता आणि वहिनी वाट बघत उभी होती. “ह्यांना पीठ आणाया पाठवलं त्याला किती वेळ झाला,” ती म्हणाली. “डबा काय नाशकाला राहिला का?”

ती खोलीकडे निघाली. मी तिच्या मागे, माझ्या मागे साहेब आणि बाकी सगळे. दादा खोलीत जमिनीवर बसला होता. त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पीठ लागलं होतं, मिशीला पीठ, ओठांना पीठ. समोर बाटली. निम्म्याच्या वर संपलेली.

वहिनी पहिल्यांदा ओरडलीच नाही. हळू आवाजात म्हणाली, “माझ्या पिठात? माळेला हात लावला आणि माझ्या पिठात लपवून आणली?”

“मी नाय ठेवली ग,” दादा म्हणाला. “पीठ काढाया हात घातला तर हाताला लागली. आईची आण. होती तिथं.”

साहेब मागून म्हणाले, “बाजरीच्या पिठाला बाटल्या लागतात वाटतं तुमच्याकडे?” आणि सगळे हसले. बायका तोंडाला पदर लावून, पोरं उगाच.

वहिनी माझ्याकडे वळली. “भाऊजी, तुम्ही सांगा. हे खरं बोलत्यात का?”

आजवर ही गोष्ट जेव्हा जेव्हा मनात आली, तेव्हा मी स्वतःला सांगत आलो की मी गप्प राहिलो. बायकोलाही तसंच सांगितलं. ती तेव्हा पोराला घेऊन तळ्यावर थांबली होती. गप्प राहिलो असतो तर बरं झालं असतं. मी बोललो. साहेब माझ्या खांद्यामागे उभे होते आणि मी म्हणालो, “दादा, निदान तिच्या पिठात तरी ठेवायची नव्हतीस.”

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

वहिनीने डबा उचलला, हॉटेलच्या मागे गेली आणि सगळं पीठ दरीत ओतलं. वाऱ्याने निम्मं तिच्याच अंगावर उडालं. मी दादाला धरून नळावर नेलं. हात धुता धुता तो म्हणाला, “साहेबाची हाय ना?”

“हो.”

“मंग राहू दे. तुझ्या नोकरीचं बघ. मी तसाबी पिणारा हाय, माझं कोण खरं धरतंय.”

त्या दुपारी सगळे एका गुजराती थाळीच्या हॉटेलात जेवायला गेले. आमटी गोड निघाली. परत येईपर्यंत साहेबांची, त्यांच्या बायकोची आणि सासूबाईंची सगळी तक्रार त्या गोड आमटीविषयी होती. ‘सगळ्या ट्रिपचा मूडच गेला,’ असं साहेबांची बायको म्हणाली. वहिनी आणि दादा तेव्हाच एस.टी.ने निघून गेले होते. दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले, एवढं मी स्टँडवर पाहिलं.

तो मे संपायच्या आत दादा पुन्हा मंडपांवर जायला लागला. वहिनीने अडवलं नाही. भावकीत ती गोष्ट पसरली. वहिनीनेच रागाच्या भरात सांगितली. लग्नाकार्यात कुणी दादाला चिडवायचं, “काय, आज पिठातली का बाहेरची?” दादा हसायचा. मीही त्या पंगतीत बसलेला असायचो.

पुढच्या वर्षांत मी महाबळेश्वरला गेलो, माथेरानला गेलो, अबूला गेलो, एकदा उटीलाही. मला बढती मिळाली. माथेरानला साहेबांचा घोडा मी लगाम धरून चालवला, कारण घोडेवाला त्यांना आवडला नाही. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीच्या सरबताच्या बाटल्या त्यांच्या गाडीत भरल्या. या सगळ्या गावांचे फोटो माझ्याकडे आहेत आणि ते एकमेकांत मिसळले तर कुठला कुठे ओळखू येत नाही. कठडा, धुकं, टोप्या घातलेली माणसं, आणि कडेला, सामान हातात घेऊन, मी. निसर्गसौंदर्य बघायला गेलेल्या आमच्यातल्या एकाला तरी एखाद्या झाडाचं नाव विचारा. एक वड आणि एक निलगिरी. आम्ही थंड हवेला जायचो ते आपण उन्हात राबणाऱ्यांतले नाही, हे एकमेकांना दाखवायला. मी सगळ्यांत जास्त दाखवायचो, कारण मी कालपर्यंत राबणाऱ्यांतलाच होतो.

दोन हजार सालानंतर दादाला कावीळ झाली आणि ती वाढत गेली. दवाखान्यात शेवटी शेवटी तो फार बोलायचा नाही. एके दुपारी वहिनी त्याच्या पायाला तेल लावत होती, मी पायथ्याशी उभा होतो. तो तिला म्हणाला, “बाकीच्या समद्या माझ्या. तेवढी एक माझी नव्हती.”

वहिनी म्हणाली, “आता तरी खोटं बोलू नका हो. आता कुणासाठी?”

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी खाली जाऊन औषधं आणली. चिठ्ठीवर लिहिलेली औषधं आधीच आणून झालेली होती, तरी मी खाली गेलो आणि दुकानासमोर उभा राहिलो.

तो गेल्यावर चार-पाच वर्षं मी वहिनीकडे गणपती-दिवाळीला जात राहिलो. एकदा पुतण्या म्हणाला, “काका, या पावसाळ्यात सापुताऱ्याला जायचं का? आता लय भारी झालंय, गाड्यांच्या रांगा लागतात.” वहिनी ओट्यावर झेंडूच्या माळा ओवत होती. ती म्हणाली, “जा तुम्ही. मी बघून आले. हवा चांगली होती, माणसं घाण होती.” आणि तिने दादाच्या हार घातलेल्या फोटोकडे हात केला. मला वाटलं होतं ती आमच्याबद्दल बोलतेय. ती त्याच्याबद्दल बोलत होती.

पुतण्या बाजारात गेल्यावर मी सांगितलं. सगळं. पहाट, परात, पिशव्या, साहेब, माझं ते वाक्य. सांगताना माझा आवाज फुटला, डोळ्यांत पाणी आलं. ते आलं याचंही मला थोडं बरं वाटत होतं.

वहिनीने हातातली माळ पूर्ण केली, गाठ मारली, दातांनी दोरा तोडला. मग म्हणाली, “ह्यांना ठाव होतं?”

“हो. त्याच दिवशी कळलं होतं त्याला.”

“म्हंजे त्यांना ठाव होतं, तुम्हाला ठाव होतं. मीच तेवढी एकटी.” तिने माळ बाजूला ठेवली. “मरताना मी त्यांना खोटारडं म्हणले, भाऊजी.”

“वहिनी, चूक माझी होती.”

“ते तुमचं झालं. माझं काय करू? ते बोलले ते खरं होतं, हे आता मी कुणाला जाऊन सांगू?” तिने सुईत दुसरा दोरा ओवायला घेतला. दोन-तीनदा चुकला, मी हात पुढे केला तर तिने सुई मागे घेतली. “तुम्हाला हलकं वाटलं असंल आता.”

खरं तर वाटलं होतं.

आतून सून चहाचे कप घेऊन आली. वहिनीने मान वर न करता तिला सांगितलं, “नेऊन ठेव. त्यांना जायचंय.”

मला कुठेही जायचं नव्हतं. दुपार रिकामी होती आणि पुतण्या यायचा होता. मी उठलो आणि चपला शोधायला लागलो.